साक्षीचा टंच कसा काढायचा? ‘स्मृतिचित्रे’ संशोधकाच्या नजरेने



सिनॉप्सिस, लिटरेचर रिव्ह्यू आणि एरर बार यांवर आपण इथे बरंच बोललो. आज एक मराठी पुस्तक घेऊया. मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे साहित्याच्या प्राध्यापकांसारखं रसग्रहण माझ्याकडून होणार नाही. मला एक साधा प्रश्न पडलाय, त्याचं उत्तर या पुस्तकात शोधायचंय. एखादं माणूस म्हणतं, “श्रद्धेमुळे माझ्या जगण्याला अर्थ आला, आणि ती आशा शेवटपर्यंत टिकली.” संशोधकाने हे विधान वाचायचं कसं?

तुमच्यातले निम्मे म्हणतील, हा काही आपला विषय नाही. पण समाजशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र, नर्सिंग, समाजकार्य, यांपैकी कशातही तुम्ही पीएच.डी.ला बसणार असाल तर अशी विधानं मुलाखतींच्या रेकॉर्डिंगमधून तुमच्यासमोर येणारच. त्यावर दोन सोपे मार्ग आहेत. “श्रद्धेचा विषय आहे, आपण कोण बोलणार” म्हणून ते विधान बाजूला ठेवणं हा पहिला. “हे सगळं मनाचं समाधान” म्हणून निकालात काढणं हा दुसरा. माझ्या मते दोन्हींत आळस आहे. आणि आज महाराष्ट्रात धर्मांतर हा शब्द उच्चारला की माणसं आधी बाजू घेतात आणि मग ऐकतात. म्हणून तर समोरच्याचं म्हणणं नीट कसं ऐकावं, हे शिकणं जास्त गरजेचं आहे.

पुस्तक आहे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’.

एक पुस्तक, दोन अर्धे वाचक

‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये वारल्या आणि चौथा भाग त्यांच्यामागे मुलाच्या, देवदत्त टिळकांच्या, हातून वाचकांपर्यंत पोचला. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची कुठलीही यादी काढा, हे नाव वरच्या ओळींत असतं.

पण ते वाचलं कसं जातं बघा. मराठीच्या वर्गात त्याची भाषा, विनोद आणि प्रांजळपणा यांचं कौतुक होतं. लक्ष्मीबाईंची ख्रिस्ती श्रद्धा मात्र कथानकातली एक घटना म्हणून पटकन उरकली जाते. उलट श्रद्धेसाठी पुस्तक हातात घेणारा वाचक बाप्तिस्म्याच्या प्रकरणावर थांबतो, आणि घरातली भांडणं, टिळकांचा संताप, पैशांची ओढाताण भरभर उलटतो.

याचा पुरावा इंग्रजी भाषांतरांच्या नावांतच सापडतो. जोसेफिन इंक्स्टर यांनी १९५० मध्ये केलेल्या भाषांतराचं नाव आहे ‘आय फॉलो आफ्टर’. हे शब्द बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातले आहेत. म्हणजे श्रद्धा थेट मुखपृष्ठावर आली. २०१७ मध्ये शांता गोखले यांचं भाषांतर आलं. त्याच्या उपशीर्षकात ‘स्पिरिटेड वाइफ’, म्हणजे एक बाणेदार पत्नी, पुढे आली. पुस्तक तेच, पण पहिल्या पाटीवर भक्त आणि दुसऱ्या पाटीवर बायको.

माझं म्हणणं असं, की या दोन्ही वाचनांनी पुस्तकातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा अर्धा-अर्धा वाटून घेतला आहे. विनोद वेगळा आणि श्रद्धा वेगळी, असं इथे नाहीच. ते कसं, हे सांगण्याआधी घटनाक्रम पाहू.

घटनाक्रम

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचं सोवळं वेडाच्या टोकाला गेलेलं. १८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, वक्ते, हुशार आणि तितकेच लहरी. न सांगता निघून जायचं, हातात आलेले पैसे कुणाला तरी देऊन टाकायचे. मुलं झाली आणि गेलीही.

१८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात टिळकांना एका परदेशी सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही बायकोला अंधारात ठेवून. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा जिवंत असून गेला होता. पदरात लहान मुलगा, आधार नातेवाइकांचा. काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. अशी सुमारे पाच वर्षं गेली. मग त्या टिळकांकडे परत आल्या, पण हिंदू म्हणूनच. त्यांचं जेवण वेगळं, पाणी वेगळं. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यानंतर लक्ष्मीबाई जवळपास सतरा वर्षं जगल्या, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी पुढे नेऊन पूर्ण केलं.

पहिली शंका: ही नवऱ्याच्या मागे गेली का?

कुठलाही चांगला गाईड इथे थांबवून विचारेल, “श्रद्धेचा परिणाम म्हणताय, पण दुसरा घटक वेगळा काढलात का?” दुसरा घटक उघड आहे. नवऱ्याची ओढ, आणि त्या काळात एकट्या बाईला समाजात नसलेली जागा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको झाली, एवढंच असेल तर श्रद्धेबद्दल हे पुस्तक आपल्याला काहीच सांगत नाही.

प्रयोगशाळेत आपण एक घटक स्थिर ठेवून दुसरा बदलतो. आयुष्यात ते शक्य नसतं. तरी कधी कधी आयुष्य स्वतःच असे दोन टप्पे करून देतं. इथे ते सापडतात.

पहिला टप्पा परतल्यानंतरचा, बाप्तिस्म्याच्या आधीचा. नवरा मिळाला होता, संसार पुन्हा सुरू झाला होता. फक्त सोबत हवी असती तर ती धर्म न बदलता मिळालीच होती. आणि या काळात पहिला बदल कुठे होतो ते पाहा. तो चर्चमध्ये होत नाही. जात देवाने केली की माणसाने, या विचारात त्या एकट्याच पडतात, आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं ठरवतात. सोवळ्यापायी हैराण झालेल्या घरातून आलेल्या बाईचा हा निर्णय आहे. मताआधी पाण्याचा तांब्या बदलला. प्रश्नावलीत “तुमचा विश्वास काय?” असं विचारून हा बदल सापडला नसता. तो वागण्यात दिसतो.

दुसरा टप्पा १९१९ नंतरचा. आता नवराच नाही. श्रद्धा टिळकांच्या जोरावर उभी असती तर ती इथे ढासळायला हवी होती. पुस्तक मात्र चालूच राहतं. कराचीपर्यंतचे प्रवास, माणसं, अडचणी, कविता, सगळं. ज्या देवाची ओळख नवऱ्याकडून झाली, तो नवरा गेल्यावरही उरला. ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करणं हे नवऱ्याचं राहिलेलं काम पुरं करणं होतं हे खरंच. पण ख्रिस्तचरित्रावर इतकी वर्षं कविता करत राहणं केवळ कर्तव्य म्हणून जमत नाही. थेसिसचा शेवटचा चॅप्टर लिहायला बसलेल्या कुणालाही विचारा.

एवढ्याने शंका पूर्ण मिटत नाही. पण “नवऱ्याच्या मागे गेली” हे उत्तर अपुरं आहे, इतकं नक्की म्हणता येतं.

विनोद हाच मोजमापाचा आकडा

आता मुख्य मुद्दा.

लक्ष्मीबाई हे सगळं लिहितात तेव्हा १८९५ला कित्येक वर्षं उलटून गेलेली आहेत. स्मृती भरवशाची नसते. माणूस जुन्या गोष्टी आजच्या समजुतीनुसार लावून घेतो. त्यामुळे “तेव्हा माझ्या मनात असं आलं” या वाक्याला पुरावा म्हणून मर्यादित वजन द्यायचं. त्यात त्या तारखा फारशा देतही नाहीत. त्यांचे नातू अशोक टिळक यांनी टिपांसह केलेली साक्षेपी आवृत्ती जवळ असली तर बरं पडतं.

पण पुस्तकात एक गोष्ट अशी आहे, जी आठवणीवर अवलंबून नाही. ती म्हणजे सूर. सूर लिहितानाचा असतो. १८९५ मध्ये त्या किती रडल्या हे त्यांना चुकीचं आठवत असेल, पण उतारवयात त्या ते कोणत्या मनाने सांगत होत्या, हे पानावर जसंच्या तसं उतरलेलं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर घटना हा आठवणीतून काढलेला डेटा आहे आणि सूर हे त्या क्षणी घेतलेलं रीडिंग.

आणि हे रीडिंग काय सांगतं? ही बाई हसतेय. स्वतःच्या अडाणीपणावर, इंग्रजी न येण्यातून उडालेल्या फजितीवर, टिळकांच्या विसराळूपणावर, आपल्या दोघांच्या भांडणांवर. ज्याने पाच वर्षं टाकलं त्या नवऱ्याबद्दल त्या लिहितात, तेव्हा चूक झाकत नाहीत आणि कडवटही होत नाहीत. हे दोन्ही एकत्र जमवणं फार अवघड आहे. राग जिरवायला माणसं बहुतेक वेळा चूक विसरतात, किंवा चूक लक्षात ठेवायला राग जपून ठेवतात.

आणखी एक. त्या आपल्या बाजूच्या विरोधात जाणाऱ्या नोंदी वगळत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर टिळकांचा स्वभाव गोड झाला, असं पुस्तक म्हणत नाही. पैशांची चणचण संपली, असंही नाही. दुष्काळात अनाथ झालेली मुलं घरात आली, तर त्यातलं पुण्य जितकं दिसतं तितकीच कामाची त्रेधाही दिसते. प्रतिकूल रीडिंग्ज टेबलात ठेवणाऱ्या पेपरवर आपण जास्त विश्वास ठेवतो, तसंच हे. आपली बाजू पडेल अशी भीती असलेला माणूस आपल्या बाजूवर हसत नाही. लक्ष्मीबाई हसतात, कारण त्यांना काही सिद्ध करायचं उरलेलं नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा. ही श्रद्धा कशी आली, याचा ‘स्मृतिचित्रे’ हा कच्चा पुरावा आहे. ती टिकली, याचा मात्र पक्का. आणि तो पक्का पुरावा नेमका त्या विनोदात आहे, जो मराठीच्या वर्गात श्रद्धेपासून सोडवून वेगळा शिकवला जातो.

एक आक्षेप घेता येईल: विनोदी स्वभाव जन्मजात असेल, श्रद्धेचा काय संबंध? आक्षेप योग्य आहे. स्वभाव आणि श्रद्धा यांची वजनं वेगवेगळी करून हे पुस्तक देत नाही. पण विनोदी माणसंही आघातानंतर बोचरी होतात. इथे विनोद बोचरा झालेला नाही, आणि त्याचं स्पष्टीकरण ‘स्वभाव’ या एका शब्दाने होत नाही.

टंच

ख्रिस्ती परंपरेत ‘आशा’ म्हणजे काय, हेही पाहायला हवं, नाहीतर आपण ‘पॉझिटिव्ह थिंकिंग’ समजून बसू. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक साखळी येते. संकटातून सहनशक्ती, सहनशक्तीतून कसोटीला उतरलेलं शील, आणि त्यातून आशा. तिसऱ्या पायरीसाठीचा मूळ ग्रीक शब्द आहे ‘दोकिमे’. पारखून, कस लावून खरं ठरलेलं, असा त्याचा अर्थ.

मी हे गडमुडशिंगीत बसून लिहितोय. चांदीच्या दागिन्यांची हुपरी इथून लांब नाही. तिकडच्या कारागिराला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. चांदीचा टंच काढल्याशिवाय तिचा भाव ठरत नाही. पौलाच्या साखळीत आशा सुरुवातीला येत नाही, टंच काढून झाल्यावर येते. आपल्याकडे उलट समजूत आहे: आधी आशा धरा म्हणजे संकट सोसाल. लक्ष्मीबाईंचं आयुष्य पौलाच्या क्रमाने जातं. पंढरपूरच्या दिवसांत त्यांच्याकडे आशा होती असं पुस्तक भासवत नाही. सोसणं होतं. आशा मागाहून आली.

पाचव्या-सहाव्या वर्षाला पोचलेल्या, प्रयोग न लागणाऱ्या संशोधकाला या क्रमाचा अर्थ लगेच कळेल. मग तो कुठल्याही धर्माचा असो, की कुठल्याच नसो.

रमाबाई: एक व्यक्ती, दोन प्रकारची कागदपत्रं

ताडून पाहायला पंडिता रमाबाई घ्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. तिथे त्या स्वतःच फरक करतात: बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त काही वर्षांनी मिळाला. हा फरक करणं हा मोठा प्रामाणिकपणा आहे. तरी ‘साक्ष’ या लेखनप्रकाराची वाट ठरलेली असते: अंधार, शोध, उजेड. शेवट माहीत असतो आणि आधीचं सगळं त्याच्याकडे वळवलं जातं.

आता त्यांची सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेली पत्रं काढा. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे रमाबाई वाद घालतात, सिद्धांतांवर प्रश्न विचारतात, चर्चच्या अधिकारापुढे मान तुकवत नाहीत. साक्षीत जी वाट सरळ दिसते, ती पत्रांत वळणं घेत जाते. पत्रांमुळे साक्ष खोटी ठरत नाही. पत्रं त्या-त्या दिवशीची आहेत आणि साक्ष मागे वळून पाहणारी, एवढाच फरक. आणि साक्षीची आणखी एक मर्यादा: ती लिहिली त्या तारखेपलीकडचं तिला दिसत नाही. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली आणि पुढच्या वर्षी रमाबाई. त्या शेवटच्या महिन्यांतल्या आशेबद्दल १९०७चा मजकूर काही सांगू शकत नाही. ‘स्मृतिचित्रे’चं वेगळेपण इथे उठून दिसतं. ते मोठ्या आघाताच्या पलीकडून लिहिलेलं आहे.

जे पुस्तकात नाही

कौतुक इतकं पुरे. या पुस्तकावरून ‘मराठी ख्रिस्ती श्रद्धा’ असं सरसकट विधान कुणी करणार असेल तर त्याला थांबवा. नमुना एकतर्फी आहे.

टिळक ब्राह्मण, रमाबाई ब्राह्मण, ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी कासार समाजातले पण शिकलेले, लिहिते. ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांची श्रद्धा ग्रंथांत आली. अहमदनगरच्या बाजूला ख्रिस्ती झालेली बहुसंख्य माणसं मात्र महार आणि मांग समाजांतली होती. लक्ष्मीबाईंसाठी कुणाच्याही हातचं पाणी पिणं हा सोडण्याचा, त्यागाचा क्षण होता. ज्याच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं, त्याच्यासाठी तोच क्षण मिळण्याचा असणार. म्हणजे ‘आशा’ हा शब्द एकच, पण दोन्ही घरांत त्याचा अर्थ सारखा असेल असं धरून चालता येत नाही. लक्ष्मीबाईंना ही माणसं दिसतात, त्या त्यांच्यात राहतात, पण त्यांच्या बाजूने त्या सांगू शकत नाहीत. हा दोष लेखिकेचा नाही. तो आपल्या संग्रहाचा आहे.

कोल्हापूरचंच पाहा. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथे आले. न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च आजही त्यांचं नाव सांगतं. अमेरिकेत परतल्यावर १८७८ मध्ये त्यांनी ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे मासिक सुरू केलं. सांगणाऱ्याचा आवाज असा छापील रूपात मिळतो. ऐकून ज्यांनी आयुष्य बदललं, त्या खेड्यापाड्यांतल्या माणसांचा आवाज त्या मानाने फार थोडा मिळतो. करवीर, हातकणंगले, शिरोळच्या ख्रिस्ती कुटुंबांत तिसऱ्या-चौथ्या पिढीकडे तोंडी आठवणी असतील. विषय शोधताय ना? हा घ्या.

मग वाचायचं कसं?

अशी कुठलीही साक्ष हातात आली, छापील असो वा रेकॉर्डरमधली, तर चार गोष्टी विचारा. घटनेनंतर किती वर्षांनी सांगितली जातेय? मताबरोबर वागण्यात काय बदललं? सांगणाऱ्याने स्वतःच्या विरोधात जाणारं काय ठेवलंय? आणि ज्या माणसामुळे किंवा परिस्थितीमुळे श्रद्धा आली, ती दूर झाल्यावर काय उरलं?

यातल्या एकाही प्रश्नाने देव आहे की नाही ते ठरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी धार्मिक अनुभवांवरच्या १९०२च्या ग्रंथात श्रद्धेची पारख तिच्या मुळांवरून न करता फळांवरून करावी, असा आग्रह धरला होता. आपल्या हातात तेवढंच आहे, आणि ते कमी नाही. सांगणाऱ्याला देव्हाऱ्यात न बसवता आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं न करता त्याचं ऐकता येतं.

‘स्मृतिचित्रे’ वाचणार असाल तर एक सुचवतो. सुरुवातीपासून वाचाच, पण त्याआधी टिळकांच्या मृत्यूनंतरची काही पानं वाचून घ्या. तिथला सूर कानात ठेवा आणि मग जलालपूरच्या सोवळ्यापासून सुरुवात करा. सांगणारी बाई कुठे उभी राहून बोलतेय ते कळलं, की पुस्तकातलं हसू वेगळं ऐकू येतं.